डब्याला शेक, हलगीला नाय?

रेशनकार्डावर माझ्या नावापुढं व्यवसाय म्हणून 'घरकाम' असं लिहिलेलं आहे. ते लिहिणाऱ्या कारकुनाला मी दोनदा सांगितलं, की बाबा रे, छावणी भागात माझा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ आहे. त्यानं पेन हवेतच धरून विचारलं, "म्हंजे, पासपोर्ट फोटो का?" मी म्हटलं, "फोटो नाही हो, आवाज. ढोल, गिटार, कीबोर्ड यांचे आवाज मी नीट करते." तो म्हणाला, "ते तर घरूनच करता ना?" आणि लिहून मोकळा झाला.

तर अशा माझ्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या घरकामातली ही एक गोष्ट. सगळं आयुष्य सांगत बसत नाही. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही आणि जे आहे ते नातेवाईक वाचतील.

मी पॉलिटेक्निकची, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. वाळूजला कारखाने वाढत होते, तिथं एका कंपनीत टेस्टिंगच्या टेबलावर चिकटले. अण्णा, म्हणजे माझे वडील, तहसिलीत कारकून. त्यांना माझ्या कामाची जरा लाजच वाटायची. "पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरात लेखणी, आणि पोरगी बसलीय तारांना डाग देत," असं म्हणायचे. पण घरातला रेडिओ बिघडला की गुपचूप माझ्या उशाशी आणून ठेवायचे.

आमच्या गल्लीच्या मागं फिरोजभाई राहायचे. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. माणूस दिलदार, बोलणं सगळं दख्खनी. एक दिवस ते मुंबईहून टॉवेलात गुंडाळून काहीतरी घेऊन आले. तिथला कुठला तरी स्टुडिओ बंद पडला होता, त्याची मोडतोड विकत होते, त्यात त्यांना हा डबा मिळाला. काळ्या पत्र्याचा, परदेशी बनावटीचा, समोर नॉबची रांग. "शैलाताई," ते म्हणाले, "मर गया है बेचारा. तुम जिंदा करो, हौर क्या."

मी उघडून पाहिला. दोन कपॅसिटर फुगलेले, एक रेझिस्टर जळून कोळसा. रविवारची दुपार गेली, पण संध्याकाळी त्याचा लाल दिवा लागला. फिरोजभाईंनी त्यातून गिटार वाजवली आणि मी नॉब फिरवला. अगं आई गं! तीच गिटार, तीच तार, पण ती माणसासारखी 'वाव वाव' करून बोलायला लागली. मी मोठ्यानं हसले. पुढच्या महिन्यात नोकरी सोडली. अण्णा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

हा डबा म्हणजे अ‍ॅनालॉग फिल्टर. घाबरू नका, सोपं आहे. शेजारच्या कार्यालयात लग्न लागलंय आणि मधलं दार बंद आहे असं समजा. तुम्हाला काय ऐकू येतं? नुसतं धब, धब, धब. दार किलकिलं केलं की सनईवाला ऐकू यायला लागतो. सताड उघडलं की बायकांच्या बांगड्यासुद्धा ऐकू येतात. डब्याचा पहिला नॉब म्हणजे ते दार. डावीकडं फिरवलं की दार लागतं, उजवीकडं फिरवलं की उघडतं. दुसऱ्या नॉबनं त्या दाराच्या कडेला धार येते, जिथं आवाज कापला जातो नेमका तिथंच तो उठून ऐकू येतो. हा दुसरा नॉब पार शेवटपर्यंत नेला तर आत काही वाजत नसताना डबा स्वतःच शिट्टी घालायला लागतो. आणि तिसरा नॉब लावला की वाजवणाऱ्याच्या जोरावर दार आपोआप उघडतं-मिटतं. या तीन नॉबवर माझं घर चाललं.

स्वस्तातल्या कीबोर्डचा पिपाणीसारखा आवाज यातून काढला की भरदार व्हायचा. ड्रम मशीनचा पत्रा बडवल्यासारखा आवाज ढोलासारखा व्हायचा. जो आवाज जमला त्याची खूण मी पहिल्या नॉबभोवती चिकटपट्टी लावून पेनानं करून ठेवायची. 'फिरोज', 'भजनाचा ढोलक', 'लग्नाचा कीबोर्ड' अशी बारीक अक्षरं. दोन वर्षांत त्या नॉबभोवती पंचांगासारखी गर्दी झाली.

पण डब्याची एक खोड होती. तो थंड असला की लबाडी करायचा. आत्ता लावलेली खूण दहा मिनिटांनी दुसरीकडंच सरकलेली असायची. म्हणून काम असलं की अर्धा तास आधी तो चालू करून ठेवायचा, चांगला तापू द्यायचा. तोवर आम्ही चहा प्यायचो. फिरोजभाई त्याला 'डब्बे की चाय' म्हणायचे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, डबा शेकल्याशिवाय मी एक सूर रेकॉर्ड केला नाही. त्याचा मला फार अभिमान होता. आता सांगते तो सगळा घोळ त्याच अभिमानाचा.

त्या वर्षी दुष्काळ होता. शहरात नळ आठव्या दिवशी यायचा आणि शहर तर चारी बाजूंनी फुगत होतं. जिकडं बघावं तिकडं शेतात चुन्याच्या रेघा मारलेल्या आणि 'प्लॉट विक्रीस उपलब्ध' अशा पाट्या. वैजापूरच्या मार्केट यार्डात कांदा-कापसाची अडत करणारे एक भाऊसाहेब होते, त्यांनीही शहराबाहेर प्लॉट पाडले. मिशा झुपकेदार, आवाज खणखणीत, स्वभाव तापट पण मन साफ. रिक्षावर भोंगा लावून फिरवायला त्यांना जाहिरात हवी होती. "ताई," ते म्हणाले, "आमच्या प्लॉटला बोअर हाय. लई पानी. ऐकनाऱ्याला पानी दिसलं पायजे!"

मी म्हटलं, बघाच आता. दुसरा नॉब शेवटपर्यंत नेला, डब्याला शिट्टी घालू दिली आणि तिसऱ्या नॉबनं तिला चिमटीत पकडून सोडलं. 'टुप्प.' थेंब! रिकाम्या पिंपात पडलेला अस्सल पाण्याचा थेंब. मग टुप्प टुप्प, मग धार, मग धो धो. खोलीत बसल्या जागी आमच्या घशाला कोरड पडली. फिरोजभाई म्हणाले, "ताई, मेरेको प्यास लग गई."

रिक्षा सकाळी सिडकोच्या गल्ल्यांत शिरली. भोंग्यातून निवेदकाचा आवाज यायच्या आधी चांगलं मिनिटभर नुसतं पाणी वाजत होतं. टँकर आला! बाया हंडे, बादल्या, पातेली, मिळेल ते घेऊन रस्त्यावर. एकीनं रिक्षाच्या मागं नळी जोडायला तोंड शोधलं म्हणे. तोंड सापडेना तेव्हा त्यांनी रिक्षावाल्याला धरलं. त्यानं घाबरून माझा पत्ता सांगितला.

दुपारी माझ्या दारात पंधरा-वीस बाया. पायऱ्यांवर रिकामे हंडे मांडले आणि पुढारीण होती ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आवाज तुम्ही काढला ना? आता पानी बी काढा!"

मान खाली घालून घरातल्या टाकीतलं पाणी प्रत्येकीला दोन-दोन तांबे दिलं. जाताना ती पुढारीण हळूच म्हणाली, "पन काय वाजवलंत हो बाई! माझी तर झोप उडाली." एवढी शरम वाटत असतानाही मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पट्टीवर 'थेंब' अशी खूण अजून आहे. पाऊस चांगला झालेल्या वर्षीच ती वापरायची असं मी ठरवून टाकलं.

संध्याकाळी भाऊसाहेबांचा फोन. मला वाटलं, आता उद्धार होणार. तर ते खो खो हसत होते. "ताई, पानी नको आता. मर्दानी कायतरी वाजवा. हलगी लावा हलगी!"

हलगीसाठी फिरोजभाईंनी पिशोरहून किसनमामांना आणलं. पिशोरच्या बाजाराच्या दिवशी ज्यांनी त्यांची हलगी ऐकली असेल त्यांना वेगळं सांगायला नको. बारीक अंगाचा, पांढऱ्या मिशांचा माणूस. बोलायला मोजका. पाच जणांचा त्यांचा ताफा, सगळे एकाच आळीतले. पण दुष्काळानं लग्नं घरातल्या घरात उरकली जात होती आणि ज्यांच्याकडं पैसा होता त्यांना डीजे हवा होता. ताफ्यातले दोघं वाळूजला कंपनीत लागायच्या बेतात होते.

"हे एक वरीस तगलो ना ताई, तर फुडं बी तगू," मामा म्हणाले. "पर एक जरी गडी गेला तर ताल मोडतो. चौघांत हलगी हुत नाय, नुसती वरड हुती. वीस वर्सं लागली हो आमा पाच जनांना एकाच हातानं वाजवल्यागत वाजवायला."

मी म्हटलं, "मामा, ही जाहिरात अशी वाजेल, की लोक तुम्हाला शोधत येतील."

मी नेहमीप्रमाणं डबा आधीच चालू करून ठेवला होता. मामांनी पिशवीतून जुनी वर्तमानपत्रं आणि काडेपेटी काढली. हलगी वाजवायच्या आधी जाळावर शेकतात, तिचं कातडं ताणलं जातं, तेव्हा ती बोलते. पण माझ्या स्टुडिओच्या चारी भिंतींना आईनं शिवलेल्या गोधड्या ठोकलेल्या, आवाज घुमू नये म्हणून. मी ओरडलेच, "अहो मामा! इथं जाळ नाही करायचा! गोधड्या पेटतील!"

"मंग भाईर शेकून आनतो."

"कशाला उगाच? तुम्ही नुसतं वाजवा. बाकी माझा डबा बघून घेईल."

मामांनी डब्याच्या लाल दिव्याकडं पाहिलं. "ह्यो कवाधरनं चालू हाय?"

"अर्धा तास झाला. तापल्याशिवाय चालत नाही तो."

"आस्सं," मामा म्हणाले. "म्हंजे डब्याला शेक, हलगीला नाय?"

मी हसले. फिरोजभाई पण हसले. मामा हसले नाहीत, पण वाजवायला लागले.

थंड हलगी भदभद वाजत होती, त्यात काही दम नव्हता. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट मनातून खूश झाले, की आता डब्याची कमाल दाखवू. पहिला नॉब डावीकडं ओढला, दार जवळजवळ लावून टाकलं, कडेला धार दिली, खालचा घुमारा फुगवला. भोंग्यातून ऐकताना छातीत धडकी भरेल असा आवाज झाला. मामांच्या कानाला हेडफोन लावला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "हे कोन वाजवतंय?"

मी ती शाबासकी समजले. मूर्ख बाई!

जाहिरात गाजली. प्लॉट किती विकले गेले ते भाऊसाहेबांना ठाऊक, पण रिक्षामागं लोक ठेका धरून चालायला लागले. भाऊसाहेब तर इतके खूश, की त्यांनी मुलीच्या लग्नाला डीजे रद्द करून मामांचा ताफा सांगितला. आधी घरी सुपारीचा कार्यक्रम, त्यालाही बोलावलं. मार्केट यार्डातले सगळे व्यापारी येणार होते. तिथं नाव झालं की तालुकाभरची लग्नं मिळाली म्हणून समजा. कंपनीत निघालेल्या दोघांनी नोकरीचे फॉर्म खिशात ठेवले आणि म्हणाले, एवढं लग्न बघू, मग ठरवू.

सुपारीच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मामा माझ्या दारात. मी चहा पुढं केला, त्यांनी घेतला नाही.

"शेठ म्हनले, ह्यो त्यो आवाज न्हाई. सगळ्या पाव्हन्यांम्होरं म्हनले. जाहिरातीतला आवाज आना, नायतर लग्नाला नाशकाचा डीजे आनतो." मग माझ्याकडं बघून मामा म्हणाले, "तुमी माजी हलगी माज्यापरास मोठी केली ताई. आता ती मी कुठनं आनू?"

मी त्यांचं भलं करायला निघाले होते आणि ज्या माणसानं आयुष्यभर हलगी वाजवली त्याला त्याच्याच हलगीपुढं खोटं पाडलं होतं. पण तेव्हाही माझ्या डोक्यात आलं ते काय? तर डबा. "मामा, काळजी करू नका," मी म्हटलं, "लग्नाला मी डबाच घेऊन येते. तुमच्या हलगीला माइक लावू, डब्यातून काढू, मोठ्या स्पीकरवर सोडू. तोच आवाज!"

फिरोजभाई गिटार पुसत बसले होते. ते म्हणाले, "नक्को ताई. ये डब्बा घर का बच्चा है. बाहर नखरे करेगा."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं.

लग्नाच्या दिवशी वैजापुरात ऊन असं, की कावळासुद्धा सावली सोडत नव्हता. नवरदेवाची मिरवणूक मार्केट यार्डापासून मारुतीच्या देवळापर्यंत जाणार होती. पुढं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जनरेटर, स्पीकर, गळ्यात गिटार अडकवलेले फिरोजभाई आणि मी. मागं वायरीला बांधल्यासारखा मामांचा ताफा, त्यामागं घोडीवर नवरदेव. डबा मी ट्रॉलीच्या पत्र्यावर ठेवला होता. ओलं फडकं टाकावं म्हटलं तर टँकरचं पाणी जेवणावळीला जपून ठेवलेलं, मागायची लाज वाटली.

पहिली पाच मिनिटं, काय सांगू! धडाम धडाम, अगदी जाहिरातीतला आवाज. भाऊसाहेब फेटा सावरत मला हात करून म्हणाले, "आता कसं!" मी ट्रॉलीत राणीसारखी उभी.

मग डबा तापला. म्हणजे माझ्या खोलीत तापायचा तसा नाही, तव्यासारखा. खुणा सरकायला लागल्या. मी नॉब मागं घेतला, तर आवाज गायब झाला. पुढं नेला, तर कडेची धार सुटली. आणि डब्यानं शिट्टी घातली. साधी नाही, एवढाल्या स्पीकरमधून, 'पींऽऽऽ' करून चढत चढत गेली. बायांनी कान झाकले. घोडी दोन पायांवर उभी राहिली, गर्रकन फिरली आणि नवरदेवाला घेऊन आली तशी उलटी सुटली. मुंडावळ्या उडतायत, फेट्याचा शेमला उडतोय, करवली ओरडतेय आणि नवरदेव चालला मार्केट यार्डातल्या कांद्याच्या चाळीकडं!

मी वायर उपटली. सगळं गप्प. नुसता जनरेटर घरघरत होता, तोही कोणीतरी बंद केला. लोक हसू दाबत होते. भाऊसाहेब ट्रॉलीपाशी आले. त्यांच्या मिशा थरथरत होत्या.

"ताई, ह्ये काय? डीजेवाला येवल्याला माझ्या पाव्हन्याकडं हाय. बोलवू का त्याला? सांगा आताच."

मी मामांकडं पाहिलं. ते माइकची वायर हातात धरून खाली बघत होते. त्यांचे चौघं गडी त्यांच्याकडं बघत होते आणि त्यातल्या एकाचा हात खिशावर होता, जिथं तो फॉर्म होता. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. डबा उचलायला गेले तर हात भाजला, 'हाय हाय' करून मागं घेतला. आणि चटका बसला तसं डोक्यात लख्ख झालं. मी ट्रॉलीतूनच विचारलं, "मामा, हलगी शेकलीय का?"

मामांनी वर पाहिलं. इतक्या दिवसांचं मनात साठलेलं सगळं बाहेर आलं. "कवा शेकू ताई? तुमच्याकडं गोधड्या. सुपारीला शेठच्या नव्या फरश्या, काळ्या हुतील म्हनले. आन्‌ आज तुमची वायर. जाळ करू देतंय कोन आमाला?"

मी ट्रॉलीतून खाली उडी मारली. त्या वयात, नऊवारी नसली तरी साडीच होती. "भाऊसाहेब," मी म्हटलं, "दहा मिनिटं द्या. आणि जळण द्या."

"ह्या उन्हात जाळ?" भाऊसाहेब ओरडले.

"उन्हानं कातडं वाळतं शेठ," मामा शांतपणे म्हणाले. "जाळानं जागं हुतं."

जवळच आचाऱ्यानं चुलाणापाशी पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या काड्यांचा, ढीग रचून ठेवला होता. कापूस हातचा गेलेला, म्हणून त्या वर्षी वाळलेल्या पऱ्हाटीला मात्र तोटा नव्हता. मी पदर खोचला आणि कवळाभर उचलून आणली. फिरोजभाईंनी काडी ओढली. रस्त्याच्या कडेला जाळ पेटला आणि पाचही जण गोल बसून हलग्या फिरवून फिरवून शेकायला लागले. मामा मधूनच बोटानं टिचकी मारायचे. आधी भद्द, मग टप्प, मग टण्‌. ती 'टण्‌' ऐकून मामांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. एवढ्यात चार गडी घोडीला गूळ दाखवत परत घेऊन आले. नवरदेवाच्या अंगाला कांद्याचा वास येत होता, पण गडी हसत होता.

मामा उभे राहिले. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. त्यांनी चौघांकडं एकदा पाहिलं आणि सुरुवात केली.

माइक नाही, डबा नाही, काही नाही. आणि मला जे ऐकू आलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. खालचा घुमारा तर होताच, पण त्याच्यावर त्या बारीक काडीचं कडकड, किरकिर, फुलबाजी उडावी तसं. ते सगळं त्या बांगड्यांसारखं, दार सताड उघडं असलं तरच ऐकू येणारं. तेच मी नॉब डावीकडं ओढून बंद करून टाकलं होतं. निम्मी हलगी मी दाराबाहेर उभी करून ठेवली होती आणि वर शाबासकी घेतली होती.

मग काय विचारता! व्यापारी नाचले, हमाल नाचले, करवली नाचली. फिरोजभाई गिटार गळ्यात तशीच ठेवून नाचले. मी पण नाचले, छावणीतली शैलाताई, भर रस्त्यात, हाताला फोड आलेला असताना. अण्णा असते तर पुन्हा चार दिवस बोलले नसते.

आणि भाऊसाहेब! ते नाचत नाचत माझ्यापाशी आले, घामानं निथळत, आणि ओरडले, "व्हय, व्हय, ह्योच! ह्योच की त्यो जाहिरातीतला आवाज! सुपारीला का नाय काढला मग?"

मी तोंड उघडलं. खरं सांगायला हवं होतं, की अहो, हा तो नाही, हा त्याच्यापेक्षा मोठा आहे. फिरोजभाईंनी मला कोपर मारलं. "चुप बैठो ताई. हौ बोलो और नाचो."

मी म्हटलं, "व्हय भाऊसाहेब, हाच."

त्या दिवशी मामांना मिरवणुकीतच पुढच्या तीन लग्नांचं आमंत्रण मिळालं. पंगत उठल्यावर ज्याच्या खिशात फॉर्म होता त्यानं तो काढला, त्यावर बुंदीचा लाडू ठेवला आणि खात खात ट्रॉलीपाशी आला. कागदाला तूप लागलेलं बघून मामा म्हणाले, "आरं, कामाचा कागद ना त्यो?" तो म्हणाला, "आता कशाला लागतोय?"

पुढच्याच आठवड्यात मी मामांना परत बोलावलं. अंगणात जाळ केला. तिथून हलगी गरम असतानाच पळत आत यायचं आणि निवायच्या आत वाजवायची, असं आम्ही दुपारभर केलं. डबाही शेकला, हलगीही शेकली, दोघांचा चहा एकदमच झाला. आणि मी पहिला नॉब उजवीकडं फिरवत फिरवत पार शेवटाला नेला. दार सताड. जाहिरात नव्यानं वाजायला लागली, ती भाऊसाहेबांना आधीच्यासारखीच वाटली.

त्यानंतर मला एकच चुटपुट लागून राहिली. त्याच्या आधीच्या वर्षांत मी किती जणांवर असं दार लावलं असेल? भजनी मंडळातली एक म्हातारी टाळ वाजवायची, तिचा टाळ मी 'किरकिरा' म्हणून कापला होता. ती आता नाही. मात्र पुढं कोणी आलं की मी आधी डब्याशिवाय ऐकायची, मगच नॉबला हात लावायची.

किसनमामांचा ताफा आता सात जणांचा आहे. मामा स्वतः कमी वाजवतात, जाळ मात्र अजून तेच बघतात. फोन केला की 'कशी हाय तब्येत' नाही विचारत. "डबा शेकला का?" म्हणतात. मी म्हणते, "तुमची हलगी शेकली का ते सांगा आधी."

गेल्या वर्षी मी स्टुडिओ भाचीच्या हवाली केला. तिचं सगळं काम लॅपटॉपवर. पण डबा तिनं ठेवून घेतलाय, त्याच्या प्रेमातच पडलीय. परवा त्या पिवळ्या पडलेल्या पट्टीवरच्या खुणा एकेक वाचत होती. 'फिरोज', 'थेंब', 'लग्नाचा कीबोर्ड'. मग थांबली आणि मला हाक मारली.

"मावशी, ही बघ. अगदी उजव्या टोकाला, 'हलगी, किसनमामा'. अगं, पण इथं तर डबा काहीच करत नाही. आवाज जसाच्या तसा जातो. मग ही खूण कशाला केलीस?"

मी म्हटलं, "बाकीच्या सगळ्या खुणा मी या खोलीत बसून केल्यात. ही एक करायला मला वैजापूरला जावं लागलं."